शब्दचर्चा : कुस्तीची निवेदिका, समालोचक की आणखी काही?

प्रश्न (टोरांटोहून)

नमस्कार मंडळी. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. इथल्या रविवारच्या मराठी वर्गासाठी तिला ‘मला कोण व्हायचंय’ यावर पानभर लिहायचं आहे. ‘मला रेने पॅकेटसारखी’ इतकं लिहून ती थांबली आणि पुढचा शब्द मला विचारला. मलाही सांगता येईना.

ज्यांना रेने माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ती आमच्याच शहरातली, जन्म १९८५चा. आधी विनोदी नाटकाकडे ओढा होता. मग इथल्या ‘द स्कोर’ वाहिनीवर कुस्तीवरच्या चर्चेच्या कार्यक्रमात आली. २०१२मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकेतल्या कुस्तीच्या कंपनीने तिला घेतलं आणि तिथे ती ‘रेने यंग’ झाली. सुरुवातीला पैलवानांच्या मुलाखती, मग सामन्याआधीच्या चर्चा, आणि सप्टेंबर २०१८पासून ‘रॉ’ या त्यांच्या मुख्य साप्ताहिक कार्यक्रमात समालोचनाच्या टेबलावर कायमची खुर्ची. त्या खुर्चीत कायमची बसलेली ती पहिली बाई. २०२०मध्ये ती तिथून बाहेर पडली आणि ऑक्टोबर २०२२मध्ये एईडब्ल्यू या दुसऱ्या कंपनीत आली, तीही टोरांटोतल्याच कार्यक्रमात. आता पुन्हा स्वतःच्या आडनावाने, रेने पॅकेट म्हणून.

इंग्रजीत या सगळ्याला मिळून ‘ब्रॉडकास्टर’ म्हणून मोकळं होता येतं. मराठीत काय म्हणायचं? ‘प्रसारक’ म्हटलं तर धर्मप्रसारक नाहीतर शिक्षण प्रसारक मंडळ आठवतं. ‘निवेदिका’ लिहावं का?

उत्तर (पुण्याहून)

ताई, माझं अर्धं आयुष्य रेडिओत गेलं, म्हणून उत्तर द्यायचा मोह होतो आहे.

‘ब्रॉडकास्टर’ला एकच मराठी शब्द शोधू नका. आपल्याकडे माणसाला नाव पडतं ते त्याच्या कामावरून, माध्यमावरून नव्हे. कार्यक्रम पुढे नेतो तो सूत्रसंचालक, प्रश्न विचारतो तो मुलाखतकार, खेळ चालू असताना बोलतो तो समालोचक. रेडिओवरच्या क्रिकेटला आम्ही ‘धावतं वर्णन’ म्हणायचो. बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं वर्णन ऐकत एक अख्खी पिढी मोठी झाली. ‘धावतं’ हा शब्द मला अजून आवडतो, कारण बोलणाऱ्याला खेळाच्या मागे खरंच धावावं लागतं.

आता व्युत्पत्ती पाहा. ‘समालोचन’मध्ये ‘लोच्’ म्हणजे पाहणे हा धातू आहे, ज्यातून लोचन म्हणजे डोळा आला. सगळीकडून नीट पाहणं ते समालोचन. म्हणून हा शब्द आधी वाङ्मयात, आढावा या अर्थाने रुळला आणि मैदानावर नंतर आला. ‘निवेदन’मध्ये ‘विद्’ म्हणजे जाणणे. दुसऱ्याला कळवणं, त्याच्यापुढे ठेवणं ते निवेदन. देवापुढे ठेवतो तो नैवेद्यही याच घरातला. तेव्हा समालोचक पाहतो आणि निवेदक पुढे ठेवतो, असा मूळ फरक आहे.

रेनेच्या बाबतीत ‘रॉ’च्या टेबलापुरतं ‘समालोचक’ म्हणा, बाकीच्या काळापुरतं ‘मुलाखतकार’.

उत्तर (कोल्हापूरहून)

पुण्याच्या काकांचं संस्कृत बरोबर आहे, पण कुस्तीच्या मातीत शब्द वेगळा चालतो. आमच्याकडे मैदानात माईक घेऊन उभा राहतो तो ‘निवेदक’. शंकर पुजारी यांना विचारा, नाहीतर कुठल्याही गावच्या जत्रेची पत्रिका काढून बघा. ‘कुस्ती निवेदक’ असंच छापलेलं असतं.

आणि हे नुसतं नाव नाही, कामच वेगळं आहे. दूरदर्शनवरचा समालोचक घरी बसलेल्यांशी बोलतो. मैदानातल्या निवेदकाचं बोलणं हौद्याभोवती, म्हणजे कुस्तीच्या मातीभोवती, बसलेले हजारो लोक ऐकत असतात, आणि हौद्यातले दोन्ही पैलवानही. पैलवान कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, मागच्या साली कुणाला चितपट केलं, हे त्याच्या जिभेवर असावं लागतं. खडाखडी, म्हणजे सुरुवातीची झटापट, चालू असते तोवर तो हे सगळं सांगतो, मध्येच कुणी इनाम लावलं तर तेही पुकारतो. पटाचा डाव निघाला की गप्पा बंद. आवाज चढतो, हलगीवाल्याचा हातही चढतो. घिस्सा बसतो का, ढाक लागते का, हे एका शब्दात आलं पाहिजे, कारण पाठ टेकायला तेवढाच वेळ लागतो. मागे बसलेल्याला हौदा दिसत नाही. त्याला कुस्ती दिसते ती निवेदकाच्या शब्दांतून.

मी लहान असताना आमच्या खासबाग कुस्ती मैदानात सगळ्यात वरच्या पायरीवर आजोबांच्या शेजारी बसून कुस्त्या बघितल्या. आजोबांना नीट दिसायचं नाही. ते डोळे मिटून ऐकायचे आणि मान हलवून डाव बरोबर ओळखायचे. त्यामुळे ‘निवेदक’ शब्दाला कुणी कमी लेखलं की मला राहवत नाही.

पोरीला सांगा, कुस्तीचं असेल तर निवेदकच.

उत्तर (नाशिकहून)

कोल्हापूरच्या दादांनी नकळत फार महत्त्वाची गोष्ट सांगितली: कोणाला ऐकू येतं?

डब्ल्यूडब्ल्यूईच्या टेबलावरचं समालोचन सभागृहातल्या प्रेक्षकांना ऐकूच जात नाही. ते फक्त टीव्हीवाल्यांसाठी असतं. उलट पडद्यामागची मुलाखत सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर दाखवतात, ती सगळे ऐकतात आणि तिच्यावर आरडाओरडाही करतात. म्हणजे रेने मुलाखती घेत होती तेव्हा ती दादांच्या अर्थाने निवेदनाच्या जवळ होती, जमलेल्या माणसांपुढे पैलवान आणून ठेवत होती. ‘रॉ’च्या खुर्चीत बसली तेव्हा ती समालोचक झाली. मान वाढला, पण समोर बसलेल्यांना तिचा आवाज ऐकू येईनासा झाला.

मी तिचं काम सुरुवातीपासून बघतो आहे. ‘टॉकिंग स्मॅक’ नावाचा गप्पांचा कार्यक्रम ती डॅनियल ब्रायन या पैलवानाबरोबर करायची. ऑगस्ट २०१६मधल्या एका भागात ब्रायनने द मिझ या दुसऱ्या पैलवानाच्या लढण्याला भित्रेपणाचं म्हटलं आणि मिझ पेटला. ब्रायनला दुखापतींमुळे त्याच वर्षी निवृत्त व्हावं लागलं होतं. नेमकं तेच मिझने त्याच्या तोंडावर काढलं. ब्रायन उठून निघून गेला. मिझ बोलतच राहिला आणि रेने दोघांच्या मधल्या जागेत बसून राहिली. ती काहीच मोठं बोलत नाही. आवरायला बघते, थांबते, त्याच्याकडे बघते. पण तिच्या चेहऱ्यावरची अस्वस्थता नसती तर ते भांडण नुसता आरडाओरडा झालं असतं. या कामाला ‘मुलाखतकार’ शब्द अपुरा पडतो. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार देणारा कुणीतरी लागतो ना, तसं आहे ते.

उत्तर (पुण्याहून)

‘हुंकार’ छान आठवलात. पोवाड्यात शाहिराच्या मागे झील धरणारे असतात, तसा समालोचनातला दुसरा आवाज म्हणजे झीलकरी म्हणता येईल का?

उत्तर (नाशिकहून)

काका, तिथेच घोळ आहे. झील धरणं वेगळं आणि री ओढणं वेगळं. झीलकरी शाहिराला दम घेऊ देतो, सूर टिकवतो. री ओढणारा फक्त म्हटलेलं परत म्हणतो.

‘रॉ’च्या टेबलावर तीन खुर्च्या होत्या. मायकल कोल डाव सांगायचा. कोरी ग्रेव्हज टोचून बोलायचा, खलनायकांची बाजू घ्यायचा. तिसरी खुर्ची रेनेची. दोघांनी सगळं बोलून झाल्यावर तिसऱ्याला उरते ती री. शिवाय कानातल्या यंत्रातून वरिष्ठांच्या सूचना चालूच असतात. त्या खुर्चीत आपण रमलो नाही, हे तिने नंतर मोकळेपणाने सांगितलं आहे. वर्षभरात, २०१९च्या शरदात, ती त्या टेबलावरून उठली. लोक तिच्या आवाजाला नावं ठेवत होते. मला वाटतं दोष आवाजाचा नव्हता, खुर्चीचा होता.

आणि त्या एका वर्षात काय काय घडलं बघा. २२ ऑक्टोबर २०१८च्या रात्री रोमन रेन्स या पैलवानाने आपल्याला रक्ताचा कर्करोग असल्याचं सांगून किताब खाली ठेवला. त्याच रात्री शेवटी डीन अँब्रोजने आपला जोडीदार सेथ रोलिन्सवर उलटून हल्ला केला. अँब्रोज म्हणजे रेनेचा खऱ्या आयुष्यातला नवरा. ती टेबलाशी बसलेली, नवरा समोर मित्राला मारतो आहे, आणि तिने समालोचक म्हणून बोलायचं. आता या अवस्थेला मराठीत काय म्हणाल? सगळं ठरलेलं आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी खरंच घडतंय असं वागायचं.

उत्तर (कोल्हापूरहून)

‘नुरा कुस्ती’ म्हणू नका, एवढीच विनंती. आमच्याकडे ती शिवी आहे. नुरा म्हणजे लोकांना खरी म्हणून विकलेली खोटी कुस्ती, पैसे देऊन पाठ टेकलेली. त्यात फसवणूक आहे. अमेरिकेतल्या त्या खेळात फसवणूक नाही, बघणाऱ्याला माहीत असतं. तमाशातली ‘बतावणी’ जवळची वाटते. तीही ऐनवेळी रंगवलेली असते, समोरच्याला ठाऊक असते आणि तरी तो हसतो.

त्या पोरीला मात्र मानलं. असल्या वेळी बोलायचं म्हणजे छाती लागते.

उत्तर (औरंगाबादहून)

बाकी चर्चा वाचली. मूळ प्रश्नातल्या ‘इका’बद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. मी शाळेत मराठी शिकवते.

समालोचक की समालोचिका? लेखिका, गायिका, निवेदिका रुळलेले आहेत. समालोचिका व्याकरणाने चूक नाही, पण मुलाखतकार, पत्रकार, डॉक्टर यांना आपण ‘इका’ लावत नाही आणि काही अडत नाही, कारण मराठीत क्रियापदच सगळं सांगतं. ‘समालोचक म्हणाली’ यात बाई आहे हे लहान मुलालाही कळतं. इंग्रजीला ही सोय नाही.

अडचण येते ती ‘पहिली’ लिहिताना. ‘रॉची पहिली समालोचक’ असं लिहिलं तर तिच्याआधी त्या टेबलावर कुणीच नव्हतं असा अर्थ निघू शकतो. म्हणून वर्तमानपत्रं ‘पहिली महिला समालोचक’ लिहितात. मी अशा ठिकाणी ‘समालोचन करणारी पहिली बाई’ लिहीन. सरळ आहे आणि अर्थ एकच निघतो.

‘निवेदिका’ मात्र जपून वापरा. चुकीचा म्हणून नव्हे. माझ्या वयाच्या माणसाला हा शब्द ऐकला की नीटनेटकी साडी नेसून ‘यानंतर आपण पाहणार आहोत’ म्हणणारी दूरदर्शनची बाई दिसते. कोल्हापूरच्या दादांचा ‘निवेदक’ आणि ही ‘निवेदिका’ एकाच शब्दाची दोन रूपं, पण एकाला हलगी ऐकू येते आणि दुसरीला फक्त कार्यक्रमपत्रिका. शब्दाचं लिंग बदलल्यावर कामाचा आकार लहान व्हावा, याचं मला वाईट वाटतं. रेनेसारखी बाई पाहून मुलींनी हा शब्द मोठा करून घ्यावा असंही वाटतं.

उत्तर (नाशिकहून)

बाई, तुमच्या मुद्द्याला एक जोड देतो. २८ ऑक्टोबर २०१८ला डब्ल्यूडब्ल्यूईने फक्त बायकांच्या कुस्त्यांचा पहिला मोठा कार्यक्रम केला. टेबलावर कोलबरोबर रेने आणि बेथ फिनिक्स, म्हणजे तिघांत दोघी. त्यानंतर पाचच दिवसांनी सौदी अरेबियातल्या रियाधमध्ये कार्यक्रम होता. तिथे बायकांना कुस्ती खेळायची परवानगी नव्हती, ती मिळायला आणखी एक वर्ष गेलं. पण समालोचनाच्या टेबलावर रेने होती. त्या मैदानात बाईची कुस्ती पोचायच्या आधी बाईचा आवाज पोचला. हे वाक्य लिहिताना मी ‘समालोचक’ही लिहिलं नाही आणि ‘निवेदिका’ही नाही, ‘आवाज’ लिहिलं. बघा, लेकीला चालतंय का.

मूळ प्रश्नकर्ती (टोरांटोहून)

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला सगळं वाचून दाखवलं. हौदा म्हणजे काय ते चित्र काढून समजावलं. आजोबा डोळे मिटून ऐकायचे, तो भाग तिने परत वाचायला लावला.

‘आवाज’ तिला आवडला, पण ‘मला आवाज व्हायचंय’ हे विचित्र वाटतं म्हणाली. ‘समालोचक’ तिला म्हणता येत नाही, जीभ अडखळते. नैवेद्याची गोष्ट मात्र तिच्या डोक्यात बसली, कारण गणपतीत ताट तीच वाढते. शेवटी तिने वाक्यच बदललं: ‘मला रेने पॅकेटसारखं कुस्तीचं निवेदन करायचं आहे.’

उत्तर (औरंगाबादहून)

छान. क्रियापद वापरलं की ‘इका’ लावू की नको हा प्रश्नच उरत नाही. एकच सुचवते: ‘कुस्तीचं’ हा शब्द काढू देऊ नका. नुसतं ‘निवेदन करायचं आहे’ राहिलं तर इथले वाचणारे जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचं निवेदन समजतील.

उत्तर (कोल्हापूरहून)

आणि ‘पॅकेटसारखं’च्या आधी ‘रेने’ ठळक लिहा. निवेदक पैलवानाचं नाव आधी पुकारतो, तालीम मागाहून.