मदत हवी आहे: वाळूच्या अरुंद बेटावर एक दिवस, नऊ माणसं आणि पाण्यातले खेळ

लोकहो,

पुढच्या महिन्यात आम्ही नऊ जण एका बॅरिअर आयलंडवर जातोय. म्हणजे किनाऱ्याला समांतर पसरलेलं, लांबच लांब पण जेमतेम रुंदीचं वाळूचं बेट. एका अंगाला उघडा समुद्र, दुसऱ्या अंगाला उथळ संथ पाणी आणि त्यापलीकडे मुख्य जमीन. शाळेच्या भूगोलात ‘वाळूचा दांडा आणि खाजण’ होतं ना, त्याचंच थोरलं भावंड. बेटाचं नाव मुद्दाम देत नाहीये. दिलं की तिसऱ्या प्रतिसादापासून हॉटेलांची चर्चा सुरू होते, हे मी पाहिलंय.

माणसं अशी: मी, नवरा, आमची दोन मुलं (७ आणि ११), दीर-जाऊ, त्यांचा १६ वर्षांचा मुलगा, सासरे (६८) आणि माझा धाकटा भाऊ. पोहता पाच जणांना येतं, त्यातले दोघं फक्त टँकमध्ये पोहलेले. सासऱ्यांना अजिबात येत नाही, पण सगळ्यांत जास्त उत्साह त्यांनाच. “काठावर बसून तुमच्या चपला राखायला मी येणार नाही,” असं आधीच बजावून ठेवलंय. भाऊ काइटबोर्डिंग (मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावर फळीवरून घसरणं) शिकलाय, त्यामुळे त्याला वारा हवा. बाकी आठ जणांना वारा नको.

माझा कच्चा आराखडा: सकाळी ९ ते १२ समुद्राच्या बाजूला लाटांत खेळायचं, बूगी बोर्ड (पोटावर पडून लाटेवर घसरायची छोटी फळी) वगैरे. मग जेवण. दुपारी २ ते ५ खाजणाच्या बाजूला कयाक आणि पॅडलबोर्ड (उभं राहून वल्हवायची फळी), कारण तिकडचं पाणी संथ असतं. मधेच कुठेतरी पोरांसाठी जेट स्की.

आता घाबरायचं कारण सांगते. तीन वर्षांपूर्वी अशाच संथ पाण्यात मी आणि मुलगी दोघींच्या कयाकमध्ये निघालो. पाणी ताटलीसारखं, वारा पाठीशी. दहा मिनिटांत इतक्या लांब गेलो की मला वाटलं आपल्याला हे उपजतच येतंय. वळलो आणि कळलं. कयाकचं नाक वाऱ्याकडे ठरेचना, दर दोन वल्ह्यांनी आडवं व्हायचं. पाण्यात एक लाकडी खुंट होता, त्यावर पाणकावळा पंख वाळवत बसलेला. पाऊण तास वल्हवूनही आम्ही त्याच खुंटाशी. त्याचे पंख वाळले, तो उडून गेला, आम्ही तिथेच. शेवटी भाड्याने कयाक देणाऱ्याने बोट पाठवून ओढत आणलं. तळहाताला आलेले फोड आठवडाभर पुरले.

तर या वेळी काय चुकवू नये? आणि न पोहणाऱ्या माणसाला पाण्यावर न्यावं की नाही?

*

प्रतिसाद

ताई, आराखडा उलटा आहे. सकाळ-दुपार अदलाबदल करा, अर्धी काळजी तिथेच मिटेल.

कारण असं. उन्हाने जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, वरची हवा हलकी होऊन चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा येतो. हेच आपले खारे वारे. उन्हाळी दिवसात ते साधारण दुपारच्या आधी उठतात आणि दोन-चारच्या सुमारास ऐन भरात असतात. म्हणजे तुम्ही कयाक नेमकी त्याच वेळी पाण्यात घालताय.

आता या बेटांची गंमत (किंवा खोड) बघा. बेटाला किनारे दोन, वारा एकच. समुद्राच्या बाजूला हा वारा काठाकडे येणारा. तिथे काही सुटलं तर वाळूवर येऊन पडेल. तोच वारा बेट ओलांडून खाजणाच्या बाजूला गेला की काठापासून दूर नेणारा होतो. काठालगत तर तो जाणवतही नाही, कारण मागे वाळूच्या टेकड्या किंवा झाडं असतात. पाणी ताटलीसारखं दिसतं ते त्यामुळे. दोनशे मीटर आत गेलात की आडोसा संपतो आणि वारा पाठीवर हात ठेवून मुख्य जमिनीकडे ढकलत नेतो. तीन वर्षांपूर्वी तुमचं हेच झालं असणार.

म्हणून कयाक आणि पॅडलबोर्ड सकाळी ७ ते १०. निघताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे दमल्यावर येताना तो मदत करतो. नवख्यांसाठी १० नॉट, म्हणजे ताशी १८-१९ किलोमीटर, ही माझी मर्यादा. पाण्यावर पांढरे फेसाचे तुरे दिसायला लागले की त्याच्या वर गेलाच म्हणून समजा. पॅडलबोर्डवर उभा माणूस म्हणजे शीडच. वारा वाढला तर गुडघ्यावर बसून वल्हवायचं.

तुमच्या भावाला मात्र दुपार द्या. राइट बंधूंनी १९०३ साली पहिलं विमान उडवलं ते अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर किटी हॉकजवळ, अशाच एका बॅरिअर बेटावर. वारा भरपूर आणि पडलं तर खाली वाळू, हा त्यांचा हिशेब होता. काइटवाल्यांचाही तोच असतो. फक्त खाजणात काइट करणार असेल तर वर सांगितलेला काठापासून दूर नेणारा वारा त्यालाही लागू आहे, उलट जास्तच. सुटका बोट तयार नसेल तर त्याने नाही म्हणावं.

*

प्रतिसाद

वाऱ्याचं वर आलंच आहे. मी भरती-ओहोटीचं सांगतो, कारण बेट बघायला गेलेले लोक हमखास तिथे फसतात.

दोन बेटांच्या मधे जे तोंड असतं, तिथून दूर राहा. भरतीला सगळ्या खाजणात भरणारं पाणी त्या चिंचोळ्या फटीतून आत जातं आणि ओहोटीला तिथूनच बाहेर पडतं. ओढ दोन-तीन नॉटची सहज असते. घरगुती माणूस कयाक ताशी चार-पाच किलोमीटरने वल्हवतो आणि तीन नॉट म्हणजे साडेपाच. करा वजाबाकी. त्यात ओहोटीचं पाणी बाहेर जाताना समोरून लाटा येत असतील तर त्या जागच्या जागी उभ्या राहतात, आखूड आणि खड्या. तिथे कयाकच काय, छोटी मोटरबोटही नाचते. आणि वाळूवरून बघणाऱ्याला ती जागा भारी सुंदर दिसते, फोटो काढायला सगळे तिथेच जमतात.

दुसरं, भरतीचं कोष्टक नीट बघा. ते बहुतेक वेळा उघड्या किनाऱ्याचं असतं. खाजणाच्या आतल्या बाजूला भरती उशिरा पोहोचते, काही ठिकाणी तासाभराने, काही ठिकाणी त्याहून बऱ्याच उशिरा. त्यामुळे समुद्रावर ओहोटी संपून पाणी चढायला लागलं तरी तोंडातून पाणी बाहेर वाहतच असतं. तिथल्या माणसाला विचारा, “आतलं पाणी किती वाजता फिरतं?” हा प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ते जरा आदराने बघतात, तोही फायदा.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, त्यामुळे ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ओढ कमी. तारीख अजून हलवता येत असेल तर भांग धरा. एका ओहोटीतही ओढ सारखी नसते. सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत निम्मं पाणी हलतं.

काही खाजणांत मात्र चंद्रापेक्षा वारा पाणी जास्त हलवतो. राइट बंधूंची ज्या बेटांशी गाठ पडली त्यांच्याच मागचा पामलिको साउंड तसा आहे. एकाच दिशेने वारा लागून राहिला की एका काठाचं पाणी उतरतं, दुसऱ्या काठाला चढतं. कयाक चिखलात बसते ती अशा दिवशी.

आणि जुन्या नकाशावर विसंबू नका. ही बेटं वाळूची, ती हलतात. त्याच साखळीतली ओरेगन इनलेट आणि हॅटरस इनलेट ही दोन्ही तोंडं १८४६ च्या सप्टेंबरमधल्या एकाच वादळाने उघडली. तोंडांचं हे, तर वाळूच्या पट्ट्यांचं काय विचारता. मागच्या वर्षी पाय टेकत होते तिथे या वर्षी डोक्यावर पाणी असू शकतं.

*

प्रतिसाद

एवढं ज्ञान ऐकून मी तर वाळूत किल्ला करायचं ठरवलंय.

*

धागाकर्ती

😄 माझाही विचार तिकडेच झुकत होता. पण खरंच आभार. खुंटाचं कोडं तीन वर्षांनी सुटलं. तेव्हापासून मी स्वतःच्या दंडांना दोष देत होते.

मग आता समुद्राची बाजू दुपारी आली. तिथे लाटा मोठ्या नसतील का? आणि लाइफ जॅकेट तिथे मिळतं तेच चालेल का? सासऱ्यांचं पोट जरा पुढे आहे आणि धाकट्याचं वजन जेमतेम २१ किलो.

*

प्रतिसाद

लाटा मोठ्या असू शकतात, म्हणून जीवरक्षक आहे तिथेच उतरायचं. लाल-पिवळे दोन झेंडे दिसतात, त्यांच्या मधे. त्याबाहेर नाही, ‘इथे गर्दी कमी आहे’ म्हणून तर मुळीच नाही. नुसता लाल झेंडा असेल तर पाय भिजवून परत. जांभळा असेल तर जेलीफिश किंवा तसलं काही पाण्यात आहे.

रिप करंटबद्दल मोठ्या मुलांना आधी वाळूवर उभं करून दाखवा. फुटणाऱ्या लाटांच्या पांढऱ्या रांगेत मधेच एक पट्टा दिसतो जिथे लाट फुटत नाही, पाणी गडद आणि शांत वाटतं. नवखा माणूस नेमका तिथून आत शिरतो. ते शांत पाणी म्हणजे परतीच्या पाण्याची वाट आहे, ते बाहेर ओढतं. ते खाली ओढत नाही, एवढं मुलांच्या डोक्यात बसलं पाहिजे. सापडलं तर काठाकडे झुंजायचं नाही. पाठीवर तरंगायचं, हात वर करून बोलवायचं, दम असेल तर काठाला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडायचं. आणि त्याला आणायला न पोहणाऱ्या मोठ्यांनी पाण्यात उडी मारायची नाही. तरंगणारं काहीतरी फेका, बॉल, बोर्ड, झाकण लावलेली शीतपेटी, काहीही.

जॅकेट: घालून, सगळे पट्टे आवळून, दुसऱ्याने खांद्यापाशी धरून वर उचलायचं. हनुवटी-कानांपर्यंत सरकलं तर ते त्या माणसाचं नाही. धाकट्याला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर आणि पोरगं खाली. भाड्याच्या ढिगात मुलांच्या मापाचं असेलच असं नाही. फोनवर वजन सांगून विचारा. पोट पुढे असलेल्यांचं जॅकेट छातीच्या मापाने घ्यायचं, पोटाच्या नाही. न पोहणाऱ्यांसाठी ‘१०० न्यूटन’ (तरंगवायच्या ताकदीचं माप) लिहिलेलं बघा. ५० चं असतं ते पोहता येणाऱ्यांना हातभार म्हणून; बेशुद्ध माणसाचं तोंड वर ठेवणं हे त्याचं काम नव्हे.

सासऱ्यांना जरूर न्या. दोघांच्या कयाकमध्ये पुढच्या जागेवर, वल्हवणारा मागे. बंद कयाक नको, वर बसायची घ्या, म्हणजे उलटली तर आत अडकायची भीती नाही. निघण्याआधी कमरेएवढ्या पाण्यात त्यांना मुद्दाम एकदा पाडा. पडल्यावर जॅकेट उचलतं हे अंगाला कळलं की पुढचा दिवसभर माणूस सैल बसतो. घाबरून कडेला घट्ट धरणाराच कयाक उलटवतो.

*

प्रतिसाद

जेट स्कीबद्दल कुणी बोललं नाही. सोळा वर्षांच्या पुतण्याला एकट्याला देणार असाल तर आधी तिथला वयाचा नियम विचारा, आणि मग ही एक गोष्ट त्याच्याकडून पाच वेळा म्हणवून घ्या: थ्रॉटल (वेग द्यायचा खटका) सोडला की ती वळत नाही. मागून फेकलेल्या पाण्याच्या झोतावरच ती वळते. समोर काही आलं की माणूस घाबरून थ्रॉटल सोडतो आणि हँडल फिरवतो, आणि ती सरळ जाऊन आदळते. बंद करायची दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली हवी, हँडलला गुंडाळलेली नको. ७ वर्षांच्याला मी बसवणार नाही. हे माझं मत, भांडायला तयार आहे.

खाजणात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत चला. वाळूत पाकट (स्टिंगरे, शेपटीला काटा असलेला चपटा मासा) पडून असते, पाय लागला की सरकते. वर पाय पडला तर नांगी मारते. मारलीच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४०-४५ अंश, पाय तास-दीड तास ठेवायचा, वेदना बऱ्याच उतरतात, आणि डॉक्टरकडे जायचं. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, म्हणून बंद बूट. सपाता नकोत, त्या चिखलातच राहतात.

*

प्रतिसाद

पॅडलबोर्डची दोरी घोट्याला बांधतात ती लाटांसाठी. ओढीच्या पाण्यात, जिथे खुंट, दोर, नांगरलेल्या बोटी असतात, तिथे ती कशात अडकली तर पाण्याच्या जोराने वाकून सोडवता येत नाही. कमरेला बांधायची, एका झटक्यात सुटणारी मिळते, ती मागा.

आणि वाळूच्या टेकड्यांवरून आडवाट काढू नका. त्यावरचं गवत वाळू धरून ठेवतं, तीच टेकडी वादळात बेटाची ढाल. दोरी लावलेल्या भागात पक्ष्यांची अंडी उघड्या वाळूत असतात, वाळूच्याच रंगाची. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत.

*

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. नवा आराखडा असा: आदल्या रात्री बेटावरच मुक्काम. सकाळी ७ ला खाजणात, तोंडाच्या विरुद्ध टोकाला, काठापासून शंभर मीटरच्या आत. १० ला बाहेर. मग सावली आणि झोप. ३ नंतर झेंड्यांमधे समुद्र, भाऊ त्याच्या काइटसोबत (सुटका बोट असेल तरच). एक मोठा माणूस सतत काठावर, कोण कुठे गेलंय आणि किती वाजता येणार हे लिहिलेला कागद घेऊन. जाऊबाईंनी स्वतःहून मागितलंय ते काम. ढग गडगडला की सगळे बाहेर, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत पाण्यात नाही. जेट स्की फक्त पुतण्याला, ती पण नियमात बसली तर. धाकटा रुसलाय.

तारीख चार दिवसांनी पुढे ढकलली, भांगाची मिळाली.

सासऱ्यांसाठी १०० न्यूटनचं जॅकेट विकतच घेतलं. नवऱ्याने खांद्याला धरून उचलून पाहिलं, पहिल्यांदा कानापर्यंत आलं, पट्टे आवळल्यावर जागचं हललं नाही. काल संध्याकाळपासून ते घालूनच टीव्ही बघतायत.

आता एकच राहिलं. त्यांचा चष्मा. साधी दोरी चालेल का?

*

प्रतिसाद

तरंगणारी घ्या, फोमची. साध्या दोरीचा चष्मा दोरीसकट बुडतो. आणि जुना चष्मा न्या.