एका दिवसाचं ट्रेनिंग झालं, तरी बाळाला बॅग-मास्क उशिरा लागतो

रात्रपाळी: टांझानियातल्या एका जिल्हा रुग्णालयाशी आमची भागीदारी आहे. तिथे 'हेल्पिंग बेबीज ब्रीद'चं (जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाला वाचवण्याच्या कोर्सचं) एका दिवसाचं ट्रेनिंग झालं, मॅनिकिनवर (सरावाच्या बाहुलीवर) सगळ्या सिस्टर पास. पण लेबर रूममध्ये न रडणाऱ्या बाळाचं सक्शनच (तोंड-नाकातली घाण ओढून काढणं) चालू राहतं, बॅग (मास्कमधून हवा देणारी हाताने दाबायची पिशवी) दोन-तीन मिनिटांनी लागते. पुढच्या भेटीत तोच कोर्स परत घ्यावा का?

छातीकडे_बघा: नको. टांझानियातच हायडम इथे, नॉर्वेच्या स्टाव्हांगर रुग्णालयाबरोबर, 2010 मध्ये हेच दिसलं: एका दिवसाच्या ट्रेनिंगनंतर मॅनिकिनवरचं काम सुधारलं, प्रत्यक्ष लेबर रूममधलं नाही. मग मॅनिकिन लेबर रूममध्येच ठेवून तीन-पाच मिनिटांचा सराव वारंवार सुरू केला. पहिल्या 24 तासांतले मृत्यू हजारी 11.1 वरून 7.2 वर आले. तेव्हा पाहुण्यांनी वर्ग घेण्यापेक्षा तिथल्याच एकदोन सिस्टर तयार कराव्यात. पाहुणे विमानात बसले की सराव बंद, असं नको.

सरावात क्रम पक्का करा: पुसा, पाठ चोळा, तोंडात घाण दिसली तरच सक्शन. तरीही श्वास नसेल तर मिनिटाच्या आत बॅग, मिनिटाला 40 वेळा. छाती हलत नसेल तर मास्क नीट बसवा, मान किंचितच मागे करा (जास्त वाकवली तरी वाट बंद होते), तोंड साफ करून थोडं उघडा, मग बॅग जरा जोरात दाबा. मास्क हनुवटी, तोंड, नाक झाकणारा हवा, डोळ्यांवर नको. पूर्ण दिवसांच्या बाळाला 1 नंबर, लहानग्याला 0.

सिस्टर_इनचार्ज: बॅग आहे कुठे तेही बघा. कपाटात कुलूपबंद असेल तर ट्रेनिंग फुकट. धुतल्यावर व्हॉल्व्हची रबरी पापडी उलटी बसते किंवा हरवते. प्रत्येक पाळीला मास्क तळहातावर घट्ट दाबून बॅग दाबा: प्रेशर व्हॉल्व्हमधून हवा सुटल्याचा आवाज यायला हवा, सोडली की लगेच फुगायला हवी.

नोंदवही: रजिस्टरमध्ये फक्त नवजात मृत्यू मोजू नका. बेळगाव भागात ट्रेनिंगनंतर मृतजन्म 3 वरून 2.3 टक्क्यांवर आले, नवजात मृत्युदर मात्र तसाच राहिला. कारण ठोके चालू पण श्वास नाही, अशी बाळं पूर्वी 'मृत जन्मलं' म्हणून लिहिली जात असावीत. ताजे मृतजन्म (प्रसूतीच्या वेळी किंवा थोडंच आधी दगावलेली बाळं) वेगळ्या रकान्यात लिहा, आणि पहिली बॅग कितव्या सेकंदाला लागली तेही.

रात्रपाळी: बॅग कपाटातच आहे. किल्ली इनचार्जकडे असते.