घरचं तळण: तुमचे अनुभव सांगा (नागपूरकरांनी तर सांगायलाच पाहिजे)

आखाड लागला, पाऊस सुरू झाला, म्हणजे आता घरोघरी कढई चढणार. बाहेरचे आलूबोंडे, मुंगवडे तर आपण खातोच, पण घरी तळताना काय जमतं, काय बिघडतं, तेल कोणतं वापरता, उरलेल्याचं काय करता, ते लिहा. रेसिपी नको, त्या ढिगानं मिळतात.

माझ्यापासून सुरुवात. आमच्याकडे हिवाळ्यातली सांबारवडी (सांबार म्हणजे कोथिंबीर, ती भरून तळलेली वडी) म्हणजे दोन दिवसांचं काम. गोकुळपेठेतून सांबाराच्या जुड्या आणल्या की आदल्या दिवशीच निवडून, धुऊन, सुती साडीवर पंख्याखाली पसरायच्या. सकाळी सासूबाई मूठभर सांबार घेऊन दाबून बघतात, तळव्याला ओल लागली की परत पसर, मग पाहुणे दारात का येईनात. ओला सांबार भरला की मिठानं त्याला पाणी सुटतं, पारी आतून चिकट होते अन् एक वडी जरी तेलात उकलली तरी सगळा मसाला कढईत सांडतो, तो जळतो अन् मागच्या सगळ्या वड्यांना कडवट वास लागतो. पारीला आतून चिंचेचा कोळ अन् काळा मसाला लावायचा, खसखस-खोबरं-चारोळीला कंजूषी नाही. आच मध्यम. रंग आला म्हणून काढू नका, बुडबुडे मंदावले की काढा.

इतवारीवाला
आमचं किराण्याचं दुकान, त्यामुळे दिवाळीआधी एकच प्रश्न, भाऊ तळायला कोणतं तेल देता. माझं मत विचाराल तर चवीला फल्लीतेल म्हणजे शेंगदाण्याचं तेल, अन् खिशाला रिफाइंड सोयाबीन. घाणीचं तेल घ्याल तर कढई अर्धीच भरा, ते जास्त फेसाळतं. जवसाचं तेल मात्र मी तळायला देतच नाही, ते लवकर धूर धरते, भाकरीसोबत चटणीवर घ्या ना मस्त. अन् नव्या तेलात जुनं तेल ओतून डबा पुरवायची जी सवय आहे ना ताई लोकांची, ती बंद करा, जुन्यानं नवं लवकर खराब होते.

पोट्टा मानेवाड्याचा
भजे मंद आचेवर तळू नका ना बाप्पा. तेल पितात अन् मग म्हणता बेसन खराब होतं.

रसायनवाली
वरच्या दादाचं बरोबर आहे, कारण पण सांगते, मी शिकवते हेच. कढईत जे बुडबुडे दिसतात ते तेलाचे नसतात, पदार्थातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं, आणि ही वाफ बाहेर ढकलत असते तोवर तेलाला आत शिरायला वाव कमी. तेल थंड पडलं, एकदम वीस भजे टाकले, की वाफेचा जोर संपतो आणि तेल आत. भज्यांना साधारण १७५ ते १८० अंश लागतात. माझ्याकडे थर्मामीटर आहे, आई बेसनाचा थेंब टाकून बघते, तो क्षणभर बुडून लगेच वर आला की झालं, आणि सांगायला हरकत नाही, दोघींचा अंदाज जवळपास जुळतो.

तेल किती वेळा वापरायचं? एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, १ जुलै २०१८ पासून हॉटेल-नाष्टेवाल्यांना मर्यादा घातली आहे, तेलातले टोटल पोलर कंपाउंड (तेल तापून तापून बिघडलं की त्यात तयार होणारे घटक) २५ टक्क्यांवर गेले की ते तेल तळायला वापरायचं नाही. घरी हे मोजायचं मीटर कोणाकडे असतं? तेल घट्ट झालं, वर फेस टिकून राहिला, नेहमीच्या आचेवरच धूर यायला लागला, की निरोप द्या. सिंकमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो.

रविवारचा आचारी
आमच्या घरी रविवारी कढई माझी, बायको लांबून सूचना करते. पोरांना फिंगर चिप्स लागतात. आलू फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीनं त्यातली साखर वाढते अन् चिप्स आतून कच्चे असतानाच बाहेरून काळपट होतात. कापून पाण्यात ठेवा, मग कापडानं अगदी कोरडे करा, आधी कमी आचेवर शिजवून काढा, गार झाले की दुसऱ्यांदा कडक तेलात. मीठ कढईवर भुरभुरवायचं नाही, ताटात. हे सगळं केल्यावर पोरं सॉसमध्ये बुडवून खातात, चव कोणाला कळते काय माहीत.

धंतोलीची काकू
वडाभाताचं कोणीच कसं नाही लिहिलं? मिश्र डाळी भिजवून पाणी न घालता भरड वाटायच्या, बारीक वाटल्या की वडा आत गच्च राहतो. वडे झाले की त्याच कढईतलं तेल गाळून हिंग, मोहरी, लाल मिरचीची फोडणी, अन् गरम भातावर वडा कुस्करून वरून ते तेल. उरलेल्या तेलाचा प्रश्नच मिटतो. डॉक्टरांना सांगू नका.

नवीन_सूनबाई
साबुदाणा वडे तेलात फुटतात हो, काहून? मागच्या एकादशीला एक असा उडाला की नणंद स्वयंपाकघरातून पळाली. आता मला टाकायचीच भीती वाटते.

धंतोलीची काकू
अगं साबुदाणा नीट भिजला नसेल, नाहीतर आलूत पाणी राहिलं असेल. दाणा बोटानं दाबला की पूर्ण चपटा व्हायला पाहिजे. वडा चपटा थाप, भेगा बुजव, लाडवाएवढा गोळा नको. अन् हिरवी मिरची अख्खी तळशील तर तिलाही आधी चीर दे, ती पण फुटते. आणखी एक, तेलानं कधी पेट घेतला तर पाणी मारायचं नाही. गॅस बंद, वर मोठं झाकण, अन् कढई हलवायची नाही. भीती ठेव, पण झाकण जवळ ठेव.

रसायनवाली
काकूंचं झाकण माझ्या थर्मामीटरपेक्षा महत्त्वाचं. जळत्या तेलात पाणी गेलं की ते खाली जाऊन एका क्षणात वाफ होतं आणि पेटतं तेल वर उडवतं.

अनारसेप्रेमी
माझे अनारसे दर दिवाळीत हसतात. तेलात टाकला की जाळी पसरते, पसरते अन् शेवटी नुसता चुरा. आईचे कधीच हसत नाहीत, विचारलं तर म्हणते हाताला कळते.

इतवारीवाला
गूळ जास्त होत असेल जी. पिठात थोडी कोरडी तांदळाची पिठी मळा अन् आधी एकच टाकून पाहा. खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही, झाऱ्यानं तेल उडवा वरून.

पोट्टा मानेवाड्याचा
एअर फ्रायरमध्ये सांबारवडी करून पाहिली का कोणी?

रविवारचा आचारी
केली. पारी कडक झाली, चव बरी, वरून तेल लावलं होतं तरी कोरडीच लागली. कढी जास्त करा मग चालते.

धंतोलीची काकू
कढी नाही, तर्री. अन् कढईतलीच करा.