आईच्या बायोप्सीत क्रॉनिक गॅस्ट्रायटिस आणि मेटाप्लाझिया : पुढे काय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आई ६१ वर्षांची, सांगलीला असते. पूर्ण शाकाहारी. वर्षभर दोन घास खाल्ले की पोट टम्म, अंगात त्राण नाही. ॲसिडिटी समजून पॅन्टोप्राझोल चालू होतं. बी-१२ खूप कमी आलं, तेव्हा स्कोपी (दुर्बिणीने जठराची तपासणी) केली. स्कोपीत नुसती ‘सौम्य लाली’, बायोप्सीत (अस्तराचे तुकडे काढून केलेल्या तपासणीत) मात्र : क्रॉनिक ॲक्टिव्ह गॅस्ट्रायटिस (जठराची जुनी, अजून चालू असलेली सूज), एच. पायलोरी (जठरातला जंतू) पॉझिटिव्ह, मध्यम ॲट्रॉफी (अस्तराची झीज), इंटेस्टाइनल मेटाप्लाझिया, डिस्प्लाझिया (कॅन्सरपूर्व पेशीबदल) नाही.

१४ दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. ‘आता काळजी नको’ असं डॉक्टर म्हणतात. मेटाप्लाझिया म्हणजे जठराच्या अस्तरात आतड्यासारख्या पेशी आल्या तरी बहुतेकांना कॅन्सर होत नाही, हे मला माहीत आहे. पण सख्खा मामा जठराच्या कॅन्सरनेच गेला, त्यामुळे जिवाला स्वस्थता नाही.

खरी अडचण अशी की तुकडे जठराच्या कुठल्या भागातले हे रिपोर्टात लिहिलेलंच नाही. सिडनी पद्धतीत अँट्रमचे (जठराचा खालचा भाग) २, बॉडीचे (जठराचा मुख्य भाग) २ आणि मधल्या वळणावरचा १ असे तुकडे घेतात, भागांप्रमाणे वेगळ्या बाटल्यांत. आईची बाटली एकच. मग बदल कुठवर पसरलाय हे कसं कळणार? पुन्हा स्कोपी लागेल का? जंतू गेला याची खात्री कशी करायची? आणि बी-१२ शाकाहारामुळे कमी की जठरामुळे?

उत्तर :

ताई, मी पॅथॉलॉजीत आहे. तुमची शंका अगदी रास्त आहे. इथे सूज किती यापेक्षा बदल कुठे आणि किती हे महत्त्वाचं. ॲट्रॉफीत बॉडीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली अँट्रमसारखा दिसू शकतो. लॅबमध्ये ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) जपून ठेवलेले असतात, त्यांवर गॅस्ट्रिनचं स्टेनिंग करता येईल का विचारा; हे हार्मोन बनवणाऱ्या पेशी अँट्रममध्ये असतात, म्हणून तुकडा कुठला ते कळू शकतं. तरीही उलगडा झाला नाही तर भागवार तुकडे घेऊन स्कोपी पुन्हा करणंच योग्य.

जंतूसाठी युरिया ब्रेथ टेस्ट : कोर्सनंतर किमान ४ आठवड्यांनी, डॉक्टरांना विचारून पॅन्टोप्राझोल २ आठवडे थांबवून. रक्तातली अँटिबॉडी तपासणी यासाठी नको, जंतू गेल्यावरही ती बराच काळ पॉझिटिव्ह येते.

बी-१२ कमी व्हायला आहार, पॅन्टोप्राझोल, जठर तिन्ही कारणं असू शकतात. पॅरायटल सेल (जठरातल्या पेशी) आणि इंट्रिन्सिक फॅक्टर (बी-१२ शोषायला लागणारं प्रथिन) यांच्याविरुद्धच्या अँटिबॉडी तपासा. ऑटोइम्यून प्रकारात (शरीर स्वतःच्याच जठरावर हल्ला करतं तो) मुख्यतः बॉडीच झिजते. बी-१२ चे उपचार मात्र त्यासाठी अडवू नका.

बदल दोन्ही भागांत असेल तर युरोपीय मार्गदर्शनानुसार ३ वर्षांनी स्कोपी, आणि आईच्या सख्ख्या भावाला कॅन्सर होता म्हणून १-२ वर्षांनीच. मामांच्या मुलांनाही एच. पायलोरी तपासायला सांगा.