पाल स्वतःच्या डोळ्यांवरून जीभ का फिरवते?

ओसरी (प्रश्न):
आमच्या स्वयंपाकघरातील ट्यूबलाइटच्या पट्टीवर रोज रात्री एक पाल येऊन बसते. काल तिने एक पतंग पकडला. झटापटीत त्याच्या पंखांची भुकटी तिच्या तोंडावर उडाली आणि घास गिळून होताच तिने रुंद, गुलाबी जीभ बाहेर काढून आधी उजव्या व मग डाव्या डोळ्यावरून सावकाश फिरवली. बुबुळाला जीभ लागूनही तिला काहीच कसे झोंबत नाही? ती पापण्या का मिटत नाही?

निशाचर:
जीभ बुबुळाला लागतच नाही. घरात दिसणाऱ्या पालींच्या वरच्या व खालच्या पापण्या अंड्यात असतानाच एकमेकींना जुळतात आणि पारदर्शक होऊन डोळ्यावर चष्म्याच्या काचेसारख्या कायमच्या बसतात. म्हणजे मिटायला पापणी उरत नाही, आणि आपण पाहिलेत ते डोळा चाटणे नसून, एका अर्थी, पापणी चाटणे होते. या काचेच्या आत डोळा ओलसर राहतो, कारण तेथील ग्रंथींचा स्राव काच व बुबुळ यांच्यामधील फटीत सतत पाझरतो आणि पुढे एका नलिकेतून तोंडात उतरतो. बाहेरच्या बाजूला मात्र हे पाणी पोहोचत नसल्याने तेथील धूळ पुसण्याचे काम जिभेवर येते. सापांच्या डोळ्यांवरही अशीच काच असते, पण सापाच्या बारीक, दुभंगलेल्या जिभेला हे काम जमणारे नाही.

कातळ:
वरील माहिती योग्य आहे, परंतु ती सर्वच पालींना लागू नाही. महाराष्ट्र आणि गुजरातच्या खडकाळ, कोरड्या भागांत आढळणाऱ्या बिबट्या पालीला हलणाऱ्या पापण्या असतात आणि ती चक्क डोळे मिटते. (विषारी समजून लोक तिला ठेचतात. ती मुळीच विषारी नाही.) तिच्या पायांना चिकटणाऱ्या पट्ट्या नसल्यामुळे ती भिंतीवर चढत नाही, म्हणून आपल्या ट्यूबलाइटवर ती दिसणार नाही.

ओसरी:
दोघांचेही आभार. मग पापणी नसताना आमची पाल दिवसा उजेडात झोपते कशी? आणखी एक, मागे एकदा तिचे सारे अंग पांढुरके पडले होते आणि डोळेही धुरकट दिसत होते. तो आजार असावा का?

निशाचर:
आजार नव्हे, ती कात टाकण्याच्या बेतात असावी. डोळ्यावरील काच ही त्वचाच असल्याने तिचा वरचा थर डोक्याच्या कातेबरोबर सुटतो, पाल ती तोंडाने ओढून बहुधा खाऊनही टाकते आणि खाली नवी, स्वच्छ काच तयार असते. जिभेने न निघालेले ओरखडेही त्याबरोबर जातात. हवा फार कोरडी असेल तर हा थर कधी कधी डोळ्यावर चिकटून राहतो. अशा वेळी काडीने वा चिमट्याने तो काढू नये, खालच्या काचेला इजा होते.

झोपेत तिची बाहुली आकसून उभी, बारीक फट होते. ही दक्षता आवश्यकच आहे, कारण निशाचर पालींचे डोळे विलक्षण संवेदनशील असतात. वायव्य आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील एका पालीवर झालेल्या आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, माणसाला रंग दिसेनासे होतात इतक्या मंद उजेडातही तिने निळा व करडा रंग वेगळे ओळखले. आपली पाल दिवसा भिंतीवरील तसबिरीमागे असेल तर टॉर्च तोंडावर न मारता बाजूने पाहावे, ती फट स्पष्ट दिसते.