शेतकरी उत्पादक कंपनीत गैरव्यवहाराची शंका आल्यास संचालकाची जबाबदारी काय?

प्रश्न (संचालक, वाशीम जिल्हा):
नमस्कार. मी आमच्या तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचा संचालक आहे. आम्ही सभासदांकडून सोयाबीन व तूर घेऊन, चाळणी करून पुढे विकतो. या हंगामातील काही काटापावत्यांवर (माल मोजल्याच्या वजनाच्या पावत्यांवर) अशा शेतकऱ्यांची नावे आढळली, ज्यांच्या शेतात यंदा सोयाबीन नव्हतेच, आणि त्यांच्या नावावर पैसे मात्र अदा झाले आहेत. मुख्य कार्यकारी अधिकारी ‘सीए बघून घेतील’ एवढेच सांगतात. बाकीचे संचालक ताळेबंद मंजूर करून टाकावा, गावात वाद नको, असे म्हणतात. माझी डिजिटल स्वाक्षरीही कार्यालयातच असते. मला पगार नाही. तरीही माझ्यावर जबाबदारी येते का, आणि राजीनामा दिल्यास मी मोकळा होईन का?

उत्तर (सनदी लेखापाल, अकोला):
भाऊ, जबाबदारी येते. कंपनी अधिनियम, २०१३ चे कलम १६६ प्रत्येक संचालकाकडून सद्भाव, वाजवी दक्षता आणि स्वतंत्र निर्णयबुद्धी मागते. पगारी आणि बिनपगारी असा भेद त्यात नाही. उत्पादक कंपन्यांचे प्रकरण २०२० च्या दुरुस्तीने याच कायद्यात आले असून त्यातील कलम ३७८-टी नुसार बेकायदा ठरावाच्या बाजूने मत देणारे संचालक कंपनीचे नुकसान भरून देण्यास संयुक्तपणे व वैयक्तिकपणे जबाबदार ठरतात. ताळेबंद मंजूर करून टाकण्याचा सल्ला म्हणूनच धोक्याचा आहे, कारण संचालक मंडळाच्या अहवालात अफरातफर रोखण्यासाठी आणि ती शोधण्यासाठी पुरेशी काळजी घेतल्याचे निवेदन तुमच्याही वतीने जात असते.

डिजिटल स्वाक्षरी आजच स्वतःच्या ताब्यात घ्या. त्यानंतर हिशेबाची पुस्तके पाहण्यासाठी लेखी अर्ज द्या. कामकाजाच्या वेळेत ती तपासण्याचा हक्क कलम १२८ प्रत्येक संचालकाला देते. खरेदी नोंदवही, काटापावत्या, बँक विवरण आणि गोदामातील साठा एकमेकांशी ताडून पाहा.

राजीनाम्याने सुटका होत नाही. कलम १६८ प्रमाणे तुमच्या कार्यकाळात घडलेल्या गुन्ह्यांची जबाबदारी पद सोडल्यावरही राहते, आणि तुम्ही बाहेर पडलात तर पुस्तके पाहण्याचा हक्क मात्र जातो.

उत्तर (दुसऱ्या एका उत्पादक कंपनीच्या संचालिका, यवतमाळ जिल्हा):
सरांच्या मताशी मी सहमत आहे, परंतु आरोप करण्याआधी एक गोष्ट तपासावी. आपल्याकडे मक्त्याने (ठरावीक भाड्याने) किंवा बटईने (पिकाच्या वाट्यावर) दुसऱ्याची शेती करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचा माल स्वतःच्या सातबाऱ्याशी जुळत नाही. पावतीवरील व्यक्तीने दुसऱ्याचे शेत कसले होते का, ई-पीक पाहणीत (शेतातील पिकाच्या सरकारी डिजिटल नोंदीत) त्या गटावर कोणते पीक नोंदले आहे आणि पैसे नेमके कोणाच्या खात्यात जमा झाले, हे पाहिल्याशिवाय कोणाचेही नाव घेऊ नये, कारण चुकीचा आरोप गावात वर्षानुवर्षे राहतो. पैसे एकाच खात्याकडे वळलेले दिसले, तर मात्र थांबू नये.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. बैठकीत माझा विरोध नोंदवण्यास नकार दिला, तर काय करावे?

उत्तर (सनदी लेखापाल, अकोला):
कलम ११८ प्रमाणे ठरावाशी असहमत संचालकांची नावे इतिवृत्तात यावीच लागतात. नकार मिळाल्यास त्याच दिवशी अध्यक्षांना व सर्व संचालकांना ई-मेलने विरोध कळवा आणि पोच जपून ठेवा. लेखापरीक्षकांनाही कागदांसह लेखी कळवा. अफरातफर झाल्याचे मानण्यास सबळ कारण दिसले, तर कलम १४३(१२) खाली त्यांना अहवाल द्यावा लागतो. रक्कम एक कोटीपेक्षा कमी असेल तर संचालक मंडळाकडे, एक कोटी किंवा त्याहून अधिक असल्यास केंद्र सरकारकडे. तरीही दखल घेतली गेली नाही, तर कंपनी निबंधकांकडे (कंपन्यांची नोंदणी पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) तक्रार करा. कलम ४४७ च्या अफरातफरीबद्दल खासगी व्यक्तीला विशेष न्यायालयात थेट फिर्याद करता येत नाही. रक्कम दहा लाख रुपये किंवा उलाढालीच्या एक टक्का, यांपैकी जे कमी असेल तेवढी वा अधिक असल्यास शिक्षा सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत आहे. तुमच्या कंपनीची उलाढाल पाहता ही मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते, म्हणून लेखी अर्ज या आठवड्यातच द्या.