मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी स्कीची लांबी कशी ठरवावी?

उतारवाट (प्रश्नकर्ता):

नमस्कार. आतापर्यंत आम्ही भाड्याच्या स्की वापरत आलो आणि जे माप हाती दिले गेले ते निमूटपणे पायाला लावत आलो. यंदा मात्र चौघांसाठी स्वतःच्या स्की घेण्याचा विचार आहे. माझी उंची १७२ सेंमी आणि वजन ८४ किलो आहे; दोन्ही स्की समांतर ठेवून मला वळता येते, परंतु उतार तीव्र झाला की पुन्हा स्नोप्लाऊचा (स्कींची पुढची टोके जवळ व मागची दूर ठेवून वेग रोखण्याचा) आधार घ्यावा लागतो. पत्नीची उंची १६० सेंमी, वजन ५४ किलो असून ती अजून नवशिकी आहे. मुलगी ९ वर्षांची (१३२ सेंमी, २७ किलो) आणि मुलगा ५ वर्षांचा (१०८ सेंमी, १७ किलो).

अडचण अशी की, एक तक्ता मला १५५ सेंमी सुचवतो तर दुसरा १७०. त्यातच एका नातेवाइकांनी १९९० च्या आसपासच्या १९५ सेंमी लांबीच्या स्की विनामूल्य देऊ केल्या आहेत. त्या वापराव्यात का? आणि मुलांसाठी एक माप मोठे घेऊन दोन-तीन हंगाम भागवता येतील का?

हिमरेषा:

दोन तक्त्यांची उत्तरे जुळत नाहीत, कारण बहुतेक तक्ते केवळ उंची विचारतात आणि स्कीला उंची कळत नाही. तिला कळते ते तिच्यावर पडणारे वजन, तुमचा वेग आणि तुम्ही तिला कडेवर किती झुकवता ते. स्की उभी धरल्यावर तिचे टोक हनुवटी ते डोक्याचा माथा यांच्या दरम्यान यावे, हा प्रचलित नियम चुकीचा नाही. पण तो तुम्हाला वीसएक सेंटिमीटरांचा पट्टा देतो, आणि त्या पट्ट्यात नेमके कोठे थांबायचे हे वजन व कौशल्य ठरवते. वजन उंचीच्या मानाने अधिक असेल, वेग आवडत असेल किंवा ताज्या भुसभुशीत बर्फात जायचे असेल तर वरच्या टोकाकडे जावे. वजन कमी असेल, शिकणे चालू असेल किंवा लहान-लहान वळणे घेण्याची आवड असेल तर खालच्या टोकाकडे यावे.

तुमच्या बाबतीत कौशल्य खाली ओढते आणि वजन वर ढकलते, म्हणून मी १६० ते १६५ सेंमी सुचवीन. १५५ सेंमीची स्की वळायला सोपी वाटेल खरी, परंतु ८४ किलो वजनाखाली थोडा वेग येताच तिचे टोक थरथरू लागेल आणि कडक बर्फावर कड पकड सोडू लागेल. पत्नीसाठी १४५ च्या आसपासचे माप योग्य आहे. त्यांच्या बाबतीत दोन्ही निकष एकाच दिशेला बोट दाखवतात.

जितका कुशल तितकी लांब स्की, हा समज मात्र सोडून द्यावा. जागतिक स्पर्धांच्या नियमांनुसार पुरुषांच्या स्लॅलममध्ये (लहान, झटपट वळणांची शर्यत) स्कीची किमान लांबी १६५ सेंमी, जायंट स्लॅलममध्ये (मोठ्या वळणांची शर्यत) १९३ सेंमी आणि डाउनहिलमध्ये (सर्वांत वेगवान शर्यत) २१८ सेंमी आहे. तोच खेळाडू वळणांचा आकार बदलला की पन्नासएक सेंटिमीटर लांब स्की घालतो. लांबी ही पदवी नव्हे, कामानुसार निवडलेले माप आहे.

१९५ सेंमीच्या त्या स्की कृपया भिंतीवर टांगाव्यात. त्या काळातील स्कींच्या कडा जवळजवळ सरळ असत, म्हणून त्यांना घसरवत वळवावे लागे आणि वेगात स्थैर्य मिळावे यासाठी त्या लांब ठेवल्या जात. १९९३ मध्ये एलान कंपनीने एससीएक्स ही खोल वक्र कडांची स्की आणली. त्यानंतर काही वर्षांत सर्वच कंपन्या त्या वाटेने गेल्या आणि नेहमीची लांबी वीस-तीस सेंटिमीटरांनी उतरली. आजचा कोणताही तक्ता त्या जुन्या स्कीला लागू पडत नाही.

बालशिबिर:

मी लहान मुलांना स्कीइंग शिकवते, म्हणून मुलांपुरतेच लिहिते. वाढत्या अंगाचा सदरा शिवावा तशी स्की घेऊ नये. सैल सदरा अंगात लोंबतो एवढेच. लांब स्की मात्र मुलाला वळूच देत नाही. पाच वर्षांच्या मुलाच्या पायांत लांब स्कीची मागची दोन्ही टोके स्नोप्लाऊमध्ये बाहेर ढकलण्याइतकी ताकद नसते, त्यामुळे स्की लांब झाली की ते मागे झुकते, गुडघे ताठ करते आणि केवळ तोल सावरत सरळ खाली जाते. ही मागे झुकण्याची सवय पुढे मोडायला फार वेळ लागतो, आणि ‘मुलगा भित्रा आहे’ असा शेरा मात्र त्याच्या माथी बसतो.

तुमच्या मुलासाठी छाती ते हनुवटी या दरम्यानचे, म्हणजे ८० सेंमीचे माप घ्यावे. मुलीसाठी ती कशी वळते हे पाहावे लागेल: अजून स्नोप्लाऊमध्येच असेल तर ११०, आणि समांतर वळणे आत्मविश्वासाने घेत असेल तर १२०. मुलांच्या स्की बहुधा दहा-दहा सेंटिमीटरांच्या टप्प्यांत मिळतात, तेव्हा दोन मापांच्या मध्ये अडकलात तर बारीक अंगाच्या मुलाला खालचे आणि दणकट मुलाला वरचे माप द्यावे. लवचीकपणाही तपासावा, १७ किलो वजनाखाली जी स्की वाकतच नाही, ती योग्य मापाची असूनही निरुपयोगी ठरते. मुले वाढत असेपर्यंत हंगामभरासाठी भाड्याने घेणे किंवा वापरलेली चांगली जोडी शोधणे हेच मला शहाणपणाचे वाटते.

कॅम्बर:

हिमरेषा यांच्या उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु रॉकरचा, म्हणजे स्कीच्या वर उचललेल्या टोकांचा, उल्लेख राहून गेला आणि तो नसेल तर १६० की १६५ या चर्चेला फारसा अर्थ उरत नाही. ज्या स्कीचे पुढचे टोक, आणि काही वेळा मागचेही, आधीपासूनच वर उचललेले असते, तिच्या कडेचा कमी भाग सपाट केलेल्या उतारावर बर्फाला टेकतो. म्हणून अशी १७० सेंमीची स्की पायाखाली पारंपरिक १६५ सारखी वागू शकते. ती घेणार असाल तर पाच सेंटिमीटर, आणि रॉकर मोठा असल्यास त्याहूनही थोडी अधिक लांबी घ्यायला हरकत नाही.

दुसरे असे की, स्कीवर लांबीशेजारी छापलेली वळणाची त्रिज्याही वाचावी. एकाच मॉडेलची लांबी वाढली की सहसा वळणाची त्रिज्याही वाढते. यंत्राने सपाट केलेल्या उतारांवरच जायचे असेल तर १३ ते १६ मीटर त्रिज्या आणि मध्यभागी ७० ते ८० मिमी रुंदी तुम्हा दोघांनाही पुरेल.

उतारवाट (प्रश्नकर्ता):

सर्वांचे आभार. मुलांचे माप आता स्पष्ट झाले. १६० की १६५ हे स्कीचा आकार पाहून ठरवीन. एक शंका उरते: उंचीशी ताडून पाहताना बूट घालून उभे राहावे की अनवाणी?

हिमरेषा:

अनवाणी. शिवाय काही कंपन्या वाकलेल्या टोकासह पृष्ठभागावरून मोजतात, तर काही दोन टोकांमधील सरळ अंतर मोजतात, त्यामुळे छापील आकड्यात दोन-तीन सेंटिमीटरांचा फरक पडू शकतो. एका सेंटिमीटरावरून झोप उडवून घेऊ नये.

ती काळजी बाइंडिंगसाठी, म्हणजे बूट स्कीला जखडणाऱ्या आणि पडताना सोडणाऱ्या यंत्रणेसाठी, राखून ठेवावी. पडताना बूट कधी सुटावा हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्कीइंगची शैली यांवरून जाणकार तंत्रज्ञाने ठरवायचे असते. १० वर्षांखालील मुलांसाठी आणि पन्नाशी गाठलेल्यांसाठी तंत्रज्ञ ही जुळवणी एक पायरी सैल ठेवतात. मुलीची स्की उद्या मुलाकडे आली, तर लांबी जुळली तरी ही जुळवणी नव्याने करून घ्यावी लागेल.